ओझं कोणाच्या पाठीवर?

मागच्या गणपतीत विसर्जनाचा महाप्रसाद झाला आणि ताटं आवरता आवरता आम्ही चार कुटुंबांनी ठरवून टाकलं, की आता हवासूचा धबधबा बघायचाच. इतकी वर्षं ॲरिझोनात काढली, पण भारतातून पाहुणे आले की त्यांना ग्रँड कॅन्यनच्या कठड्याशी नेऊन उभं करायचं, फोटो काढायचे आणि घरी यायचं, यापलीकडे आमची मजल गेली नव्हती.

ज्यांनी नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. हवासूचा धबधबा ग्रँड कॅन्यनच्याच एका फाट्यात, हवासुपाई या आदिवासी जमातीच्या राखीव भूमीत आहे. उंची साधारण १०० फूट. पाण्यात चुना विरघळलेला असल्यामुळे त्याचा रंग निळा-हिरवा दिसतो, आणि हवासुपाई या नावाचा अर्थच मुळी 'निळ्या-हिरव्या पाण्याचे लोक'. तिथे मोटार जात नाही. रूट ६६ सोडल्यावर साठेक मैल ओसाड रस्ता, तो जिथे संपतो तिथे गाडी ठेवायची. तिथे ना पेट्रोल ना पिण्याचं पाणी. मग ८ मैल चालत दरीत उतरलं की सुपाई नावाचं गाव, आणि पुढे आणखी दोन मैलांवर तंबू ठोकायची जागा. परवाना आधी काढावा लागतो, आणि सकाळी जाऊन संध्याकाळी परत असं चालत नाही, मुक्काम करावाच लागतो. जाताना सगळा उतार. येताना मात्र शेवटच्या दीडेक मैलात हजार फुटांची चढण, तीही थकलेल्या पायांनी.

परवाना मिळाला आणि आमच्या दिवाणखान्यात पहिली बैठक भरली. आमच्यातला एक इंजिनियर मित्र बाथरूममधला वजनकाटा घेऊनच आला होता. एकेकाची पिशवी काट्यावर चढू लागली. माझी भरली ४१ पौंड! उघडून पाहिली तर आत प्रेशर कुकर, तांदूळ, थालीपिठाची भाजणी, मेतकुटाची बरणी, दोन जाड पांघरुणं आणि चिवड्याचा डबा. "तुम्ही धबधबा बघायला निघालाय की संसार थाटायला?" काकू म्हणाल्या. त्यांच्या पिशवीत चकल्या होत्या, ही गोष्ट वेगळी.

तेव्हा कोणीतरी खेचरांचा विषय काढला. सामान वाहायला तिथे खेचरं भाड्याने मिळतात. नियम असा, की एका खेचरावर चार पिशव्या, प्रत्येक पिशवी जास्तीत जास्त ३२ पौंडांची. म्हणजे १२८ पौंड, सुमारे ५८ किलो. दोन खेचरं घेतली की आठही पिशव्या गेल्या, आपण पाण्याची बाटली घेऊन हात हलवत चालायचं. सगळ्यांचे चेहरे खुलले. मी मात्र गप्प झालो, आणि त्याचं कारण त्या दिवशी कोणाला सांगितलं नाही. इथे सांगतो.

२०११ साली आईला केदारनाथला नेलं होतं. गौरीकुंडापासूनची वाट तेव्हा १४ किलोमीटरची होती. २०१३ च्या प्रलयानंतर ती बदलली. आईला चालवणं शक्यच नव्हतं, तिच्यासाठी खेचर केलं. मी शेजारून चालत होतो. एका वळणावर ओल्या दगडावरून खेचराचे पाय घसरले, ते गुडघ्यांवर आलं. आई कशीबशी सावरली. खेचर हाकणारा पोरगा, असेल पंधरा-सोळा वर्षांचा, त्याने त्याला काठीने झोडपून उठवलं. मी काही बोललो नाही. खाली पोचायला उशीर होईल, दर्शन चुकेल, एवढंच माझ्या डोक्यात. ठरलेले पैसे दिले, वर शंभर रुपये दिले आणि हिशोब मिटला असं समजलो. दर्शन झाल्यावर आईने पहिला प्रश्न विचारला, "त्या खेचराला पाणी मिळालं का रे?" मी "हो" म्हणालो. मी पाहिलंच नव्हतं. आई आता नाही, तेव्हा तो 'हो' दुरुस्त करायची सोयही उरली नाही.

दुसऱ्या बैठकीत मी म्हणालो, खेचर नको. आपापलं ओझं आपण उचलू. झालं, वादाला तोंड फुटलं.

इंजिनियर मित्राचं म्हणणं मला अजून पूर्ण खोडता आलेलं नाही. तो म्हणाला, "आपल्याला दया दाखवायची हौस, आणि त्याचा भुर्दंड त्यांनी भरायचा का?" त्याने बराच इतिहास वाचला होता. पठारावरची शिकारीची, चराईची सगळी जमीन या लोकांच्या हातून गेली आणि १८८२ साली दरीच्या तळाशी त्यांच्याकडे उरली फक्त ५१८ एकर. पुढे १९७५ साली कायदा होऊन सुमारे १ लाख ८५ हजार एकर परत मिळाली. आज येणाऱ्या-जाणाऱ्यांवर त्यांचं पोट आहे. गावाची टपालसुद्धा खेचरावरून येते. "दरीत राहायचं तर खेचर लागतंच. तुझ्या एका केदारनाथवरून तू त्यांच्या धंद्याला नावं ठेवणार?" तिथल्या जनावरांच्या हालांबद्दलही पूर्वी तक्रारी झाल्या आहेत, हे मी सांगून पाहिलं. पण ज्याने स्वतः समोर घडलेलं पाहून तोंड उघडलं नाही, त्याने दुसऱ्यांच्या तक्रारींचा आधार घ्यावा, हे माझं मलाच ओशाळवाणं वाटलं.

मग कोणीतरी अपेक्षेप्रमाणे एकनाथमहाराजांची गोष्ट काढली. रामेश्वराला नेत असलेलं गंगेचं पाणी नाथांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. त्या दिवशी प्रथमच माझं लक्ष दुसऱ्याच तपशिलाकडे गेलं. ती कावड नाथांच्या स्वतःच्या खांद्यावर होती. मी मोठ्या उत्साहाने हे बोलून दाखवलं, आणि कोपऱ्यात बसलेले काका शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे. मग मी येत नाही. तुम्ही जाऊन या."

काकांचं वय अडुसष्ट, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. चालू शकतात, रोज चार-पाच मैल चालतातही, पण पाठीवर ओझं घ्यायला डॉक्टरांची मनाई. या सहलीची कल्पना मुळात त्यांचीच. माझ्या तत्त्वाची किंमत काकांनी मोजायची, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं! तत्त्व पाळण्यात असा एक स्वार्थ असतो. आपले हात स्वच्छ राहिले की बाजूला कोण राहून गेलं ते दिसत नाही.

त्या रात्री झोप आली नाही आणि आजोबांची बैलगाडी आठवली. आजोळी पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तुपा-हळदीने मळायचे. दुसऱ्या दिवशी झूल, बाशिंग, पुरणपोळी. आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा जू त्याच खांद्यांवर. शहरातून आलेल्या मला हे ढोंग वाटायचं. पण आजोबांचा एक शिरस्ता होता. घाटाचा चढ लागला की ते गाडी थांबवत आणि सगळ्यांना खाली उतरवत. गाडीत राहायची म्हातारी आजी आणि अंगावरचं पोर. बाकी सगळे, स्वतः आजोबासुद्धा, चाकामागून चालत. पाहुणा असला तरी उतरायचा. याला ते दया वगैरे म्हणत नसत. चढ आला की उतरायचं, एवढंच. बैल कामाचा आहे हे त्यांना मान्य होतं. आपण धडधाकट असताना चढावर बसून राहणं मान्य नव्हतं.

तिसऱ्या बैठकीत मी हे सांगितलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण ठरलं ते असं: खेचर एकच. त्यावर काकांची पिशवी, काकूंची पिशवी, आणि ज्यांचं बाळ दीड वर्षाचं आहे त्यांची एक, कारण बाळ बापाच्या पाठीवर असणार. बाकीच्यांनी आपलं आपण बघायचं. इंजिनियर मित्र म्हणाला, "पैसे चार पिशव्यांचे देतोय. चौथी जागा रिकामी ठेवून काय मिळवणार? खेचराला काय कळणार आहे?" मी म्हटलं, "३२ पौंड कळतील." त्याला हे पटलेलं नाही. काका म्हणतात, आपल्या पिशवीत २० पौंडांवर काही घालायचं नाही. त्यांनी स्वेटर दोनदा आत घालून दोनदा बाहेर काढला आहे. वाहतूक करणाऱ्याला आधीच विचारून ठेवायचं काम माझ्याकडे आहे: जनावर कोणतं, वाटेत पाणी कुठे पाजतात. केदारनाथला विचारायचे राहिलेले हेच दोन प्रश्न.

ऑक्टोबरमध्ये निघतो आहोत. सध्या रोज सकाळी पिशवी पाठीवर घेऊन मी कॉलनीला तीन फेऱ्या मारतो. शेजारी विचारतात, घर सोडून चाललात का? वजन ४१ वरून २७ वर आलं होतं. काल पुन्हा ३१ भरलं. उघडून पाहिलं तर बायकोने कुकर परत आत ठेवलेला.