नकाराची चाचणी

"जोडणी झाली नाही. म्हणजे चाचणी पास," ताई म्हणाली.

मला ते पटेना. "अगं, जुना फोन घेऊन माणूस पैसे भरायला आला. त्याच्या फोनला सुरक्षित जोडणीच्या प्रोटोकॉलची जुनी आवृत्तीच येते, टीएलएस १.०. त्याच्या तोंडावर दार लावायचं?"

"२०१४ साल आठव. ब्राउझर तेव्हा असेच मायाळू होते. नव्या आवृत्तीला सर्व्हरकडून उत्तर आलं नाही की एक पायरी उतरून पुन्हा विचारायचे. उतरत उतरत थेट १९९६ च्या एसएसएल ३.० पर्यंत. मधे टपून बसलेल्याने नवी हाक अडवली की काम झालं. दोन्ही टोकांना टीएलएस १.२ येत असूनही बोलणं व्हायचं ते त्या मोडक्या आवृत्तीत. पूडल हल्ला झाला तो असा."

"मग चूक ब्राउझरची."

"सर्व्हरांचीही. अनोळखी आवृत्ती ऐकली तर 'मला इथपर्यंतच येतं' एवढं सांगायचं असतं. कित्येक सर्व्हर जोडणीच तोडायचे, म्हणून ब्राउझर खाली उतरायचे. २०१८ मध्ये टीएलएस १.३ आलं, तेव्हा आवृत्तीच्या जुन्या रकान्यात १.२ च लिहावं लागलं आणि खरी यादी वेगळ्या एक्स्टेन्शनमध्ये गेली. म्हणून मी सर्व्हरला अस्तित्वात नसलेली आवृत्तीही पाठवून बघते. तो गोंधळला तर नापास. नुसती १.१ पाठवली तर प्रोटोकॉल व्हर्जनचा अलर्ट स्पष्ट यायला हवा, गप्प बसलेला चालत नाही. मग वाटेतच यादीतून १.३ काढून टाकते. सर्व्हर १.२ निवडतो, पण त्याने पाठवलेल्या रँडमच्या शेवटच्या आठ बाइटांत 'मला १.३ ही येतं' अशी खूण असते. ती पाहून क्लायंटने जोडणी तोडलीच पाहिजे."

"हे सगळं खरं. पण उद्या मदतवाहिनीवर फोन मला येणार. नवा फोन घ्यायची त्याची ऐपत नसेल तर?"

ताई बराच वेळ बोलली नाही.

"त्याचं उत्तर माझ्या चाचणीत नाही," ती शेवटी म्हणाली. "त्याला आधी कळवा. काउंटरवर पैसे भरायची सोय ठेवा. पण पडद्यावर कुलूप दाखवून आत कच्ची कडी लावायची, हे मला जमणार नाही. धोका त्याचा आणि निर्णय आपला, असं होतं ते."

आयईटीएफने १.० आणि १.१ या दोन्ही आवृत्त्या मार्च २०२१ मध्येच बाद केल्या आहेत. आमच्या सर्व्हरवर त्या बंद करायला मी होकार दिला. मात्र तारीख महिनाभर पुढे ढकलून घेतली आणि जुन्या फोनवाल्यांना पाठवायचा निरोप त्याच रात्री लिहायला बसलो.