वाटीचा हिशेब

भोपाळच्या अशोका गार्डनमध्ये ८० फीट रोडच्या आतल्या गल्ल्यांतून फिरलं की ‘किराये से देना है’ अशा पाट्या दिसतात. रेल्वे स्टेशन जवळ, गोविंदपुऱ्याच्या कारखान्यांचा पट्टाही फार लांब नाही. त्यामुळे कामापुरतं येणाऱ्यांची इथे ये-जा असते. अशा माणसांसाठी कंपन्या आता महिन्याच्या बोलीवर सुसज्ज फ्लॅट घेतात. समजा, पुण्याचा एखादा इंजिनीअर मशीन बसवून द्यायला तीन महिन्यांसाठी आला. केअरटेकर किल्लीसोबत यादी देतो: गाद्या २, गीझर १, ताटं ४, चमचे ६. सही केली की संसार मांडून तयार. जाताना त्याच यादीवर खुणा करत सगळं मोजून द्यायचं. काही कमी भरलं तर डिपॉझिटमधून वळतं होतं, आणि हिशेब मिटतो.

साध्या भाड्याच्या घराचा करारही काही कायमचा नसतो. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा १९०८च्या नोंदणी कायद्यानुसार नोंदवावा लागतो, म्हणून बरेच घरमालक अकरा महिन्यांवरच थांबतात. पण निदान त्या अकरा महिन्यांत भाडेकरू स्वतःची बादली आणि स्वतःचा तवा घेऊन येतो. सुसज्ज फ्लॅटमध्ये तेवढंही आणावं लागत नाही.

याच शहराने वेगळं बस्तान बसतानाही पाहिलं आहे. १ नोव्हेंबर १९५६ला भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झालं, आणि तोवर राजधानी असलेल्या नागपुरातून कितीतरी मराठी कर्मचारी बदली होऊन इथे आले. घरांची टंचाई होती, नवं शहर अजून उभं राहायचं होतं. अशा बिऱ्हाडांत कायम काहीतरी कमी असतं. कुणाकडे पाट्याला वरवंटा नाही, कुणाचं विरजण प्रवासात गेलेलं. मग शेजारचं दार वाजवावं लागतं.

त्या अडचणींचे गोडवे गायचं कारण नाही. उसनं मागणं ही हौस नव्हती, नड होती. आणि दार वाजवणाऱ्या शेजाऱ्याबरोबर चौकश्याही घरात शिरायच्या. आज एकटी राहणारी मुलगी परक्या गावी कामाला येते. ती काय शिजवते, किती वाजता परतते, हे विचारणारं कुणी नाही, याचं मोल तिला विचारावं. सुसज्ज फ्लॅट तिला गाद्या-गीझरइतकीच ही मोकळीकही देतो.

तरीही एक फरक उरतोच. आपल्याकडे शेजारून आलेली वाटी रिकामी परत करायची नाही, असा रिवाज आहे. विरजण घेतलं, तर वाटी परत जाते ती चार लाडू किंवा मूठभर शेंगदाणे घेऊन. मग तिकडून पुन्हा काही येतं. यादीचा हिशेब शेवटच्या दिवशी शून्यावर येतो, तशी त्यावरची नातीही संपतात. वाटीचा हिशेब कुणीच पुरा होऊ देत नाही. कुणीतरी नेहमी थोडं देणं लागतो, आणि त्या देण्यावरच ओळख चालू राहते.

आता दह्याचा डबा मोबाइलवरून मागवता येतो, आणि विरजणाला त्यातलंच चमचाभर चालतं. शेजारी जाण्याची गरज उरलेली नाही. म्हणून पूर्वी नड जे आपोआप घडवायची, ते आता ठरवून करावं लागतं. मुक्काम तीन महिन्यांचा असला तरी एखाद्या घराकडे काहीतरी मागावं, त्यांनी मागितलं तर द्यावं. कंपनी भाडं भरेल, वीजबिलही भरेल. शेजाऱ्याचं देणं मात्र ज्याचं त्यालाच करावं लागतं.