सुंदर बंदर



माजरीला समुद्र नाही. वर्धा नदीचा पूर आणि खाणीत शिरणारे पाणी, पाण्याची एवढीच भीती आपल्याला ठाऊक. तरीही 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा २७ वा अध्याय या आठवड्यात घरी वाचावा, अशी आमची विनंती आहे.

संत पौलाला कैदी म्हणून रोमला नेणारे जहाज क्रेत बेटाच्या दक्षिण किनाऱ्याने चालले होते. जहाजावर २७६ माणसे होती. 'सुंदर बंदर' नावाच्या ठिकाणी ते थांबले. नाव सुंदर, पण हिवाळा काढायला जागा गैरसोयीची. पौलाने बजावले, आता पुढे जाणे धोक्याचे आहे. तांडेल आणि जहाजाचा मालक म्हणाले, याच बेटावरचे फेनिके गाठू. शताधिपतीने त्यांचे ऐकले.

आम्ही प्रवचन देणारे इथे तांडेलाला मूर्ख ठरवून मोकळे होतो. खरे तर मुक्कामाची जागा शोधताना कोणताही दर्यावर्दी काही गोष्टी पाहतोच: वारा कुठून येईल, डोंगराचा आडोसा आहे का, तळाशी नांगर धरून ठेवणारा चिखल आहे की खडक, रात्री वारा फिरला तर जहाजाला फिरायला जागा उरेल का. फेनिके खरोखरच चांगले बंदर होते. चुकला तो वेळेचा हिशेब. उपवासाचा दिवस उलटला होता, म्हणजे प्रवासाचा ऋतू संपला होता. त्यात मंद दक्षिणवारा सुटला आणि सर्वांना वाटले, काम झाले. थोड्याच वेळात बेटावरून ईशान्येचे वादळ उतरले.

२०१७ च्या डिसेंबरात ओखी चक्रीवादळाच्या वेळी केरळ व तमिळनाडूच्या ६८ नौका ९५२ मच्छीमारांसह आपल्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला लागल्या. देवगडचे बंदर डोंगराच्या कुशीत आहे, आत पाणी शांत. तिथे ना त्यांचे घर होते, ना त्यांची भाषा. तरी ते थांबले. त्या वादळात केरळचे कितीतरी मच्छीमार परतलेच नाहीत.

काही वर्षांपूर्वी एका कुटुंबाने आम्हाला विचारले, निवृत्तीची रक्कम येणार आहे, शहरात फ्लॅटचे टोकन भरू का? जागा चांगली होती, चर्च जवळ, शाळा जवळ. आम्ही जागेचीच चौकशी केली. पैसे हाती कधी येणार, हे विचारले नाही. रक्कम लांबली, हप्ते थकले, बाईंचे दागिने गेले. "फादर, तुमची काय चूक?" असे ते आजही म्हणतात. चूक होती.

चौदाव्या रात्री खलाशांनी पाण्याची खोली मोजली: वीस वाव, मग पंधरा. खडकांच्या भीतीने मागच्या बाजूने चार नांगर टाकले आणि उजाडण्याची वाट पाहत बसले. काही जण लहान होडीतून गुपचूप निसटू पाहत होते. पौलाने ते शताधिपतीच्या कानावर घातले आणि शिपायांनी होडीचे दोरच कापले. मग त्याने सर्वांना जेवायला लावले. शेवटी जहाज गेले, पण माणूस एकही गेला नाही.

कर्ज, जमीन, मुलांचे शिक्षण, बदली, कशाहीबद्दल बोलायचे असेल तर सायंकाळच्या मिस्सेनंतर आम्ही कार्यालयात असतो. सही करण्याआधी या. कागदपत्रे सोबत आणा, आणि या वेळी तारखा आम्ही आधी विचारू.