पाण्याची रेघ

नदीकाठी मुक्कामाला पोचल्यावर पाठीवरच्या सॅक उतरल्या की लगेच तंबू ठोकायचे नसतात. आधी नदीची चौकशी करायची. झाडांच्या बुंध्यांना वाळकं गवत किती उंचीवर अडकलंय, खडकांवर गाळाची रेघ कुठे आहे, वाहून आलेल्या काटक्या कुठवर पसरल्यात, हे बघून घ्यायचं. होडीवाल्याला विचारायचं, आणि तो दाखवेल त्याच्याही वर जागा धरायची. सपाट, मऊ वाळू कितीही मोह घालत असली तरी ती नदीची आहे.

टी. नगरमधल्या आम्हा मराठी घरांतली मोठी-लहान माणसं गट करून चेन्नईबाहेर पडतात, ती बहुधा कावेरीकडे. याच नदीच्या खालच्या अंगाला, तंजावरला, 1855 पर्यंत मराठी राजघराणं होतं आणि आमच्यातल्या काहींची मराठी तिथलीच आहे, त्यामुळे कावेरी आम्हाला परकी वाटत नाही. शिवनसमुद्रचे धबधबे उतरून ती जंगलात शिरते. तिथे भीमेश्वरीला काठावर तंबूंचा तळ आहे. पुढे मेकेदाटूला ती खडकांच्या चिंचोळ्या फटीतून जाते आणि मग तमिळनाडूच्या वेशीवर होगेनक्कलला येते. तिथला परिसल म्हणजे आपल्या कृष्णा-तुंगभद्रेवरचा हरिगोलच. बांबूची गोल टोपली, पूर्वी कातड्याने मढवायचे, आता प्लास्टिकचा कागद लावून डांबर फासतात. त्याला नाळ नाही, की मागची बाजू नाही. एका वल्ह्यावर परिसलवाला सगळ्यांना दोन कड्यांमधून नेतो, आणि बसलेल्यांनी करायचं ते एवढंच की वजन सगळीकडे सारखं ठेवायचं. एक जण फोटोसाठी उठला तर सगळ्यांचा तोल जातो. सहलीत एकमेकांना सांभाळणं म्हणजे काय ते लहान मुलांना इथे न सांगता कळतं. या पट्ट्यात मगरी आहेत, म्हणून पाण्यात हात घालायचा नाही, हेही ती एकदा सांगितल्यावर ऐकतात.

आणि तिथे कुणी नदीशी वाद घालत नाही. वर कोडगूत पाऊस कोसळला, कृष्णराजसागर आणि कबिनीतून पाणी सोडलं, की इथलं आभाळ निरभ्र असतानाही कावेरी चढते. मग प्रशासन परिसल बंद करतं. रात्रभर प्रवास करून आलेली माणसं काठावर उभं राहून बघतात आणि परत फिरतात. मला त्या परत फिरण्याबद्दल फार आदर वाटतो.

हे सगळं आम्ही लांब जाऊन शिकतो. राहतो मात्र तळ्याच्या जागेवर. माउंट रोडच्या पश्चिमेला, नुंगमबाक्कमपासून सैदापेटच्या दिशेने पसरलेलं एक मोठं तळं होतं. इंग्रज त्याला लाँग टँक म्हणत. मद्रास बोट क्लबने 1893 मध्ये या तळ्यावर होड्यांच्या शर्यती घेतल्या होत्या. शहर वाढत होतं, घरांना जागा हवी होती, म्हणून 1923 च्या सुमारास मांबलमकडचं पाणी काढून टाकलं आणि वस्ती आखली. जस्टिस पक्षाचे नेते सर पिट्टी त्यागराय चेट्टी यांचं नाव तिला मिळालं; तेच आमचं टी. नगर. मधल्या बागेला तेव्हाचे मुख्यमंत्री पनगलचे राजे यांचं. आज त्या पनगल पार्कच्या भोवती साड्यांची आणि सोन्याची दुकानं आहेत, आणि दिवाळीच्या आधी रंगनाथन स्ट्रीटवर पाऊल टाकायला जागा नसते. ज्या पाण्यावर वल्ही चालली, त्या जागी आपण जरीच्या काठाचा भाव करतो.

माणसांना घरं हवी होती, त्यात काही गैर नव्हतं. पण पाण्याचं पुढे काय होईल, याचा विचार पुरेसा झाला नाही. तमिळ मुलखातली तळी सुटी सुटी नसत. एक एरी, म्हणजे तळं, भरली की तिचं जादा पाणी सांडव्यावरून पुढच्या एरीत, तिथून त्यापुढच्या, अशी साखळी असे. चेन्नईशेजारचा चेंगलपट्टू तर तळ्यांचा जिल्हा म्हणूनच ओळखला जातो. साखळीतली एक कडी काढली तरी पाऊस तिथे यायचा थांबत नाही. वस्तीत तो आता मांबलम कालव्याला मिळतो आणि कालवा नंदनमच्या बाजूने अड्यार नदीला. अड्यार स्वतःच तुडुंब असली तर कालव्याने पाणी ओतायचं कुठे? 2015 च्या डिसेंबरात चेंबरंबाक्कम तलावाचं पाणी सोडलं आणि अड्यारकाठच्या वस्त्यांत माणसं बोटींनी बाहेर काढावी लागली. 2021 च्या नोव्हेंबरात टी. नगरच्या रस्त्यांवर कमरेच्या आसपास पाणी होतं. बातम्यांत त्याला सगळे 'पाणी घुसलं' म्हणत होते. पाणी आपल्या जुन्या जागी आलं होतं, असं मला वाटत राहिलं.

म्हणून आमच्या गटाला माझं एक सांगणं आहे. पुढच्या वेळी कावेरीला निघण्याआधी एका रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, मांबलम कालव्याला धरून नंदनमपर्यंत चालत जाऊ या. वास येईल, काही ठिकाणी काठ बंद असतील, तिथे वळसा घ्यावा लागेल. मुलांनाही नेऊ. वाटेतल्या जुन्या दुकानदारांना विचारू, 2015 ला पाणी कुठल्या पायरीपर्यंत होतं, 2021 ला कुठल्या. ही माणसं बरोबर सांगतात, कारण त्यांचा माल भिजलेला असतो. मग घरी येऊन इमारतीच्या जिन्यात भिंतीवर तेवढ्या उंचीला रंगाची रेघ ओढू आणि शेजारी साल लिहू. विजेच्या मीटरच्या पेट्या त्या रेघेच्या खाली असतील, तर त्या वर घेण्याचा विषय सोसायटीच्या येत्या बैठकीत पहिला घेऊ. ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबरात सुरू होतो.