न सापडलेला बाण कुणाचा?

सुटलेला बाण परत येत नाही, असं आपण बोललेल्या शब्दाबद्दल म्हणतो. परसात तिरंदाजीचा सराव करणाऱ्या माझ्यासारख्याला मात्र बाण रोज परत आणावे लागतात. लागलेले उपटायचे, हुकलेले शोधायचे.

हुकलेला बाण बहुधा उभा रुतत नाही. तो जमिनीलगत सरपटत जातो आणि गवताखाली आडवा दडतो. मग उकिडवं बसून, नजर खाली नेऊन, तो गेला त्या रेषेत बघायचं.

शोध कधी थांबवावा? इंजिनियरला हिशेब लगेच सुचतो: बाणाच्या किमतीपेक्षा वेळ जास्त गेला, आता पुरे. पण नुकसान फक्त माझं असेल, तरच हा हिशेब बरोबर. कार्बनचा बाण कुजत नाही. गवत कापायच्या यंत्राखाली आला, तर त्याच्या सुईसारख्या चिरफळ्या होतात. त्या कुणाच्या अनवाणी पायात जातील, गवताबरोबर गुराच्या तोंडात जातील. बाणावरचा हक्क मी सोडू शकतो, त्याच्या टोकाची जबाबदारी नाही.

सापडलेला बाणही लगेच दोरीला लावायचा नसतो. तो हलकेच वाकवून, कान देऊन तपासायचा. तडा गेलेला कार्बन सुटताना फुटून हातात घुसू शकतो.

‘सापडला नाही’ म्हणजे ‘नाही’ असं नव्हे. थांबायचंच असेल, तर तिथे खुणेची काठी रोवावी, घरच्यांना आणि गवत कापणाऱ्याला सांगावं. नेम चुकणं हा सरावाचा भाग आहे. चुकलेला बाण कुठे पडला हे दुसऱ्याच्या पायाला कळू देणं, हा नाही.