शिक्र्याचा हिशेब

गेवराईत बाग करायची तर आधी पाण्याला विचारावं लागतं. गोदावरी तालुक्याच्या उत्तर कडेनं वाहते, वर पैठणला नाथसागर आहे, तरी उन्हाळ्यात नळाची वाट पाहणं इथं कुणाला चुकत नाही. म्हणून माझ्या अंगणात माझ्यावाचून जगणारी झाडंच आहेत. कोरफड, सदाफुली, कढीपत्ता, शेवगा. भांडी विसळलेलं पाणी शेवग्याला, बाकीच्यांचा भार पावसावर. कुंपणाची रुई आपली आपण उगवली. शनिवारी मारुतीला तिची पानं जातात, आणि फुलांवर सकाळी शिंजीर येतो. कडुनिंबही कुणी लावलेला नाही. लिंबोळ्या खाऊन गेलेल्या एखाद्या कोकिळेनं नाहीतर साळुंकीनं तो इथं टाकला असणार. आज निम्मं अंगण त्याच्या सावलीत आहे.

पाचोळा झाडून काढणं मी सोडून दिलं. तेव्हापासून सातभाईंचा मुक्काम वाढला. पान न् पान उलथून किडे शोधतात आणि भावकीत वाटणी चालल्यागत कलकलाट करतात. पण माझा खरा जीव शिंप्यावर. कापूस जिनिंगला जायला लागला, की टेम्पोतून उडालेले पुंजके बाभळीला, तारांना अडकून राहतात. शिंपी ते घेऊन येतो. भिंतीकडेला उंबराचा एक फुटवा आहे, त्याचं रुंद पान तो निवडतो. चोचीच्या टोकानं पानाच्या कडेला भोक पाडतो, कापसाचा किंवा कोळिष्टकाचा तंतू त्यातून ओढतो आणि पलीकडे निघालेलं टोक पिंजून फुगवतो. ते फुगलेलं टोक भोकातून मागं येत नाही, म्हणून टाका धरतो. असे टाके घालून पानाची पिशवी होते आणि आत मऊ कापसावर अंडी. हे बघताना चहा कितीदा तरी गार झालेला आहे.

या बागेत मी रोज नेमानं करते असं एकच काम आहे. मातीचं परळ घासायचं आणि ताजं पाणी भरायचं. उन्हाळ्यात दुपारी पुन्हा एकदा. शेजारची सूनबाई एकदा म्हणाली, "काकू, लई पुण्याचं काम करायलात." सासूबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "पुण्य हिच्या खात्यावर मांडायचं, तर परवा त्या शिकऱ्यानं परळावरची चिमणी उचलली, ते कुणाच्या खात्यावर मांडावं बाई?"

शेजारीण हसून निघून गेली. मला ते हसण्यावारी नेता येईना. शिक्रा खरोखरच येतो. कडुनिंबात न हलता बसतो, चिमण्या पाणी प्यायला उतरल्या की बाण सुटावा तसा येतो. चिमण्या तिथं जमतात, कारण तिथं पाणी आहे. पाणी तिथं आहे, कारण मी ठेवलं. तहान भागली ती माझ्यामुळे, असं म्हणायचं असेल तर चिमणी गेली तीही माझ्यामुळेच. एक रक्कम जमेला धरून दुसरी खोडता येत नाही.

मग पाणीच ठेवू नये का? कर्म केलंच नाही तर दोषही नाही, ही पळवाट गीतेनं अठराव्या अध्यायात बुजवून टाकली आहे. नेमलेलं काम मोहानं सोडलं तर तो तामस त्याग, आणि कष्ट पडतात म्हणून सोडलं तर राजस. काम करत राहून आसक्ती आणि फळ सोडणं, तो सात्त्विक. माझ्या बागेला ही कसोटी फार उपयोगी पडते. अंगणात गुलाब लावायचा सोडला तो पाण्यासाठी. ते पाणी या गावात माणसांच्या घशाला लागतं, त्यात मला त्याग दिसत नाही, नुसता विवेक दिसतो. परळ मात्र कंटाळ्यापायी एप्रिलात कोरडं ठेवलं तर त्याला अलिप्तपणा म्हणणं लबाडी होईल. पाखरं आता त्या जागेवर विसंबून आहेत.

राहिला प्रश्न पुण्याचा. धर्मशास्त्रानं गृहस्थाला पंचमहायज्ञ सांगितले, त्यांतला भूतयज्ञ म्हणजे जीवमात्रांचा घास. त्यामागचं कारण मला फार मोलाचं वाटतं. घरात पाच ठिकाणी रोज नकळत हत्या होते: चूल, जातं, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. घर चालवायचं तर हे टळत नाही; म्हणून हे यज्ञ. म्हणजे पाखरांच्या पुढ्यात ठेवलेलं पाणी ही देण्याची परतफेड आहे. देणं फेडणाऱ्याला कुणी दानशूर म्हणत नाही.

इथून नदी ओलांडली की आपेगाव, ज्ञानेश्वरांचं गाव, आणि वरच्या अंगाला एकनाथांचं पैठण. काशीहून रामेश्वराला न्यायच्या कावडीतलं पाणी नाथांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं, ही कथा आमच्याकडे लेकरांनाही पाठ आहे. कीर्तनात ती नाथांच्या थोरवीसाठी सांगतात. मला त्यात गाढव महत्त्वाचं वाटतं. त्यानं नमस्कार केला नाही, आशीर्वाद दिला नाही. तहान भागल्यावर ते उठून आपल्या वाटेनं गेलं असेल, आणि नाथांना तेवढं पुरलं.

सासूबाईंना एवढं सगळं सांगितलं तर म्हणाल्या, "ते खरं, पण परळ हलव." त्यांचं बरोबर होतं. फळ सोडायचं म्हणजे डोळे मिटायचे नव्हेत. आता परळ कडुनिंबाच्या फांद्यांखालून काढून रुईजवळ ठेवलं आहे. तिथून चिमण्यांना आभाळ दिसतं आणि लपायला झुडूप जवळ आहे. मांजर दबा धरून बसेल म्हणून झुडपाला अगदी खेटून ठेवलेलं नाही. शिक्रा अजून येतो. कधी त्याला मिळतं, पुष्कळदा नाही. त्याचीही पिल्लं असतात, त्याला हुसकायचं नाही असं आम्हा दोघींचं ठरलं आहे, फक्त सातभाई त्याला बघून ओरडायला लागले की सासूबाई ओसरीवरून त्यांना म्हणतात, "ओरडा रे, अजून जोरात ओरडा."