लिंबाच्या जागी एक घोट

निवांत बसा. समोर ताटात ओले बोंबील आहेत, डहाणूच्या मासळीबाजारातून सकाळी आणलेले आणि आत्ताच तळलेले. शेजारी पेल्यात नाशिककडची सोव्हिन्यॉन ब्लाँ ही पांढरी वाइन आहे, नीट गार केलेली. ताटात लिंबाची फोडही आहे. ती उचलून बाजूला ठेवा. आज ती पिळायची नाही.

आधी पेला उजेडात धरा. रंग फिका, किंचित हिरवट. हिची द्राक्षं सह्याद्रीपलीकडच्या पठारावरची. पावसाळा सरताना छाटणी होते आणि जानेवारी ते मार्च तोडणी. तिथल्या थंड रात्री द्राक्षातली आंबटाई जपतात. 2000 साली नाशिकच्या सुला वायनरीची पहिली सोव्हिन्यॉन ब्लाँ बाजारात आली. त्र्यंबक-जव्हारचा घाट उतरून आजची ही वाइन या ताटापाशी आली आहे.

आता पेला नाकाशी न्या. डोळे मिटा. हिरवट वास येतो, ढोबळी मिरची चिरल्यासारखा. डहाणूच्या शेतांत ही मिरची पिकते. मिरचीतला आणि या द्राक्षातला तो वास एकाच जातीच्या संयुगांचा असतो. वास ओळखीचा झाला की मग ओठ लावा.

एक लहान घोट. लगेच गिळू नका. जिभेच्या कडांना चुणचुण होईल, गालांच्या आत पाणी सुटेल. तोंड खाण्यासाठी तयार होत आहे. त्याला तेवढा वेळ द्या.

मग बोंबील. हा मासा पाण्याने भरलेला. म्हणून साफ करून, उभा चिरून, तो पाट्याखाली दाबून ठेवतात. पाणी निथळलं की आलं-लसूण, हळद, तिखट, मीठ लागतं, वर तांदळाच्या पिठाचा आणि रव्याचा हात फिरतो. घास मोडा. बाहेर कुरकुरीत कवच, आत लोण्यासारखा गर. तेल आणि मीठ जिभेवर पसरू द्या.

पुन्हा घोट घ्या. मघाची चुणचुण आता नरम लागते, मिठानं तिची धार बोथट केली. तेलाचा थर उतरला. जीभ पुढच्या घासाला कोरी झाली. लिंबाची फोड हेच काम करते. तिच्या जागी आता पेला आहे. दोन्ही एकाच वेळी आले, तर आंबटावर आंबट चढतं आणि वाइन फिकी पडते.

या किनाऱ्याला आंबटाची गरज नवी नाही. मासळीसोबत इथं चिंच, कैरी, कोकम आहेच. ताडीही आहे. ताडाला टांगलेल्या मडक्यातली पहाटेची गोडी ऊन चढत जाईल तशी आंबट होत जाते. डहाणू-तलासरीच्या वारली चित्रांत ताडावर चढणारा माणूसही सापडतो. सुक्या बोंबलाच्या चटणीसोबत आंबटसर ताडी घेणाऱ्याला आजची जोडी वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

पण या जोडीला मर्यादा आहेत. लालभडक कालवणासोबत पेला बाजूला ठेवा, कारण मद्यार्कानं तिखटाची आग वाढते. डहाणू-घोलवडच्या पारशी घरांतली पात्रा नी मच्छी मात्र चालेल. केळीच्या पानात वाफवलेलं पापलेट, वर कोथिंबीर-खोबऱ्याची हिरवी चटणी. हिरव्या वासाशी हिरवी चव जमते. फक्त चटणीत लिंबू नेहमीपेक्षा कमी पिळा.

आणि चिकू? 2016 मध्ये डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं, पण आपल्या पेल्यापुढे त्याचा गोडवा जड जातो. चिकू खाल्ल्यावर ही कोरडी, म्हणजे बिनगोड, वाइन नुसती आंबट लागेल. बोर्डीत हिल झिल या वायनरीत खुद्द चिकूची फेसाळ वाइन बनते. चिकूसाठी तो वेगळा पेला, वेगळ्या दिवशी.

ज्यांच्या घरी मद्य वर्ज्य आहे, त्यांनी हेच मनन बिनसाखरेच्या कोकम पाण्यासोबत करावं. घोट, घास, पुन्हा घोट, क्रम तोच. पिणाऱ्यांनीही एका पेल्यावर थांबावं, कारण पुढच्या पेल्यांत मासळीची चव हरवत जाते. जेवणाशी वाइन जुळवण्याची मोठमोठी कोष्टकं मिळतात. मासळीच्या ताटापुरता एकच प्रश्न विचारा: यावर लिंबू पिळलं असतं का? उत्तर हो असेल, तर पांढरी, कोरडी, गार वाइन बेलाशक ओता.